परका परीक्षक आणायचा कुठून? मॉरिशसच्या पदव्यांची गोष्ट

कॉलेजांची प्रत ठरवणाऱ्या नॅकची टीम येणार म्हटल्यावर आपल्याकडच्या कॉलेजांत काय काय चालतं, ते शिक्षकी पेशातल्या माणसाला सांगायला नको. भिंतींना रंग, कुंड्यांना गेरू, ग्रंथालयातल्या कपाटांना नवी लेबलं आणि तीन वर्षांची राहिलेली इतिवृत्तं एका रात्रीत. एका तालुक्याच्या गावच्या कॉलेजात आयक्यूएसीच्या, म्हणजे कॉलेजातल्याच गुणवत्ता कक्षाच्या टेबलाशी बसून मी अशा दोन फेऱ्या काढल्यात. दुसऱ्या खेपेच्या पीअर टीममध्ये, म्हणजे बाहेरून आलेल्या तपासनीसांत, एक बाई ओडिशाच्या होत्या, एक गृहस्थ राजस्थानचे. आमच्या संस्थाचालकांचं आडनाव दोघांनाही धड उच्चारता येईना. त्यावरून आम्ही मागे भरपूर हसून घेतलं. पुढे मॉरिशसच्या उच्च शिक्षणाबद्दल वाचायला लागलो तेव्हा कळलं, की ते आडनाव उच्चारता न येणं हीच त्या तपासणीतली सगळ्यांत मोलाची गोष्ट होती. मॉरिशसला ती सहजी मिळत नाही.

हिंदी महासागरातला हा देश किती मोठा? क्षेत्रफळ सुमारे २,०४० चौरस किलोमीटर, लोकसंख्या साडेबारा लाखांच्या आसपास. आपल्या गोव्याचं क्षेत्रफळ ३,७०२ चौरस किलोमीटर आणि २०११च्या जनगणनेत लोकसंख्या साडेचौदा लाख. म्हणजे मॉरिशस गोव्याहून लहानच. दोन्हीकडे समुद्र, पर्यटक, आणि दोन पिढ्या मागे गेलं की कोण कुणाचा कोण लागतो ते सांगणारी माणसं. फरक एवढाच, की गोवा विद्यापीठाची तपासणी करायची झाली तर लखनौ, चेन्नई, गुवाहाटी अशा कुठल्याही गावचा प्राध्यापक दोन विमानं बदलून येतो, काम करतो, परत जातो. गोवा लहान असला तरी त्याच्या पाठीशी मोठा देश आहे. मॉरिशसच्या पाठीशी पाणी आहे.

आता ही तपासणी म्हणजे नेमकं काय, ते आधी उलगडू. शब्द जड आहेत, गोष्ट साधी आहे. समजा, गावात कुणी खानावळ काढतोय. पहिला प्रश्न, त्याला दुकान थाटायची परवानगी आहे का? ही झाली नोंदणी. दुसरा, तो ‘शाकाहारी थाळी’ म्हणून जे वाढतो ते खरंच तसं आहे का, पोटभर आहे का? एकेक पदार्थ, म्हणजे एकेक अभ्यासक्रम तपासून त्याला मान्यता देणं, ही झाली अधिमान्यता. अॅक्रेडिटेशन म्हणतात ते हेच. तिसरा प्रश्न थोडा वेगळा. ताटातलं सोडून द्या, याच्या स्वयंपाकघरात काही शिस्त आहे का? तेल कधी बदलतो, तक्रार आली तर वहीत लिहितो का, लिहिलेलं कुणी वाचतं का? याला ऑडिट म्हणतात, आणि यात अन्नाची चव कुणी घेत नाही. चौथा प्रश्न सगळ्यांत शेवटचा पण गिऱ्हाइकाच्या लेखी सगळ्यांत महत्त्वाचा. इथलं कूपन दुसऱ्या गावच्या खानावळीत चालतं का? ती समकक्षता. मुंबई विद्यापीठाची पदवी दिल्लीत चालते का, हा प्रश्न आपल्याला सहसा पडत नाही. मॉरिशसच्या मुलाला तो पहिल्या दिवसापासून पडतो. त्याची नोकरी उद्या लंडनला असेल, पॅरिसला, जोहान्सबर्गला किंवा सिडनीला. साडेबारा लाखांच्या देशात सगळ्या पदवीधरांना पुरेल इतकं काम निघत नाही.

अडचण अशी, की या चारही प्रश्नांची उत्तरं द्यायला परका माणूस लागतो. परका म्हणजे परदेशी असं नव्हे. ज्याचा त्या संस्थेशी, तिथल्या माणसांशी, तिथल्या पदांशी संबंध नाही तो परका. छोट्या देशात असा माणूस शोधून पाहा. शेतीशास्त्राचा विभाग वर्षानुवर्षं एकच. तो तपासायला देशातला शेतीतज्ज्ञ बोलवावा, तर तो एक तर तिथे शिकवतो, नाहीतर तिथे शिकला आहे, नाहीतर त्याची बहीण तिथे शिकते. मंत्रालयातल्या खुर्चीवरचा माणूस कालपर्यंत विद्यापीठात असतो. देशाच्या मुक्त विद्यापीठाचे माजी महासंचालक २०२४च्या निवडणुकीनंतर उच्च शिक्षणमंत्री झाले. यात गैर काही नाही. उलट विषय कळणारा मंत्री मिळाला म्हणायचं. पण वर्तुळ किती लहान आहे, ते यावरून दिसतं. कुणावर लाचखोरीचा आरोप करायची गरजच नाही. संध्याकाळी लग्नात ज्याच्या पंगतीला बसायचं, त्याच्या विभागाबद्दल सकाळी ‘असमाधानकारक’ असं लिहायला हात धजत नाही, इतकीच गोष्ट.

यावर मॉरिशसनं फार पूर्वीच एक उपाय काढला. परका उसना आणायचा. १२ मार्च १९६८ला देश स्वतंत्र झाला, १९९२ साली प्रजासत्ताक झाला, पण अजूनही तिथल्या मुलांची शाळा सोडतानाची परीक्षा केंब्रिजच्या नावानं होते. मॉरिशसचं परीक्षा मंडळ बाकीची सगळी व्यवस्था सांभाळतं, आणि हायर स्कूल सर्टिफिकेटवर केंब्रिजची मोहोर असते. न्यायालयाचंही तसंच. तिथल्या खटल्याचं शेवटचं अपील आजही लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलच्या न्यायसमितीकडे जातं. आपल्याला हे गुलामीचं शेपूट वाटेल. मलाही आधी तसंच वाटलं होतं. पण तिथल्या माणसाच्या जागेवरून पाहिलं तर हा व्यवहार आहे. स्वाभिमानाला थोडी खोट बसते आणि बदल्यात असा न्यायाधीश मिळतो ज्याला तुमच्या मामाचं नाव माहीत नाही.

विद्यापीठाच्या बाबतीत मात्र इतकं सोपं नव्हतं. मॉरिशस विद्यापीठ निघालं १९६५ साली, पोर्ट लुईच्या दक्षिणेला रेद्वी इथे, तिथल्या जुन्या कृषी विद्यालयाच्या पायावर. उसाचा देश, त्यामुळे शेती, साखर, कारभार अशा गरजेच्या विषयांवर सुरुवातीला भर. उत्तरपत्रिका आणि प्रश्नपत्रिका बाहेरच्या देशातल्या परीक्षकानं पाहायच्या, ही ब्रिटिश पद्धत त्यांनी घेतली. त्याच्या पुढेमागे दोन संस्था आल्या: मोका इथली महात्मा गांधी संस्था, जिची कोनशिला १९७० साली इंदिरा गांधींनी बसवली, आणि १९७३ साली शिक्षकांना घडवणारी मॉरिशस शिक्षण संस्था. सगळ्या सरकारी, सगळ्या ओळखीच्या. १९७७पासून माध्यमिक शिक्षण मोफत झालं आणि दहा वर्षांत पदवीच्या दाराशी गर्दी झाली. मग १९८८ साली कायदा करून तृतीयक शिक्षण आयोग नेमला. ‘तृतीयक’ म्हणजे शाळेनंतरचं सगळं. या आयोगाचं काम आपल्या विद्यापीठ अनुदान आयोगासारखं, म्हणजे यूजीसीसारखं: योजना आखायची, संस्थांना अनुदान वाटायचं, त्यांच्यात मेळ घालायचा.

पुढे याच आयोगाच्या गळ्यात गुणवत्तेचीही घंटा बांधली. २००१ साली पात्रता प्राधिकरण निर्माण झालं, त्यानं शाळेपासून डॉक्टरेटपर्यंत दहा पायऱ्यांची एक शिडी आखली. कुठलीही पदवी वा प्रमाणपत्र कितव्या पायरीवर बसतं, ते त्या शिडीवर पाहायचं. २००५च्या कायद्यानं खाजगी संस्थांची नोंदणी, त्यांच्या अभ्यासक्रमांची अधिमान्यता आणि परदेशी पदव्यांची समकक्षता ही कामं आयोगाकडे आली. सरकारी विद्यापीठांसाठी ऑडिट, खाजगी संस्थांसाठी एकेका अभ्यासक्रमाची मंजुरी, अशी विभागणी झाली. इथे पाहणाऱ्याला एक वाकडेपणा दिसतो. ज्या संस्थेला आपणच पैसे देतो तिची शिस्त तेवढी पाहायची, आणि खाजगी संस्थेच्या मात्र ताटातली भाजीसुद्धा चाखायची. आपल्याकडे संलग्नीकरणासाठी येणाऱ्या विद्यापीठाच्या स्थानिक चौकशी समितीपुढे, म्हणजे एलआयसीपुढे, खाजगी कॉलेजवाले जी कुरकूर करतात, तीच तिकडेही झाली असणार.

आता गोष्टीतला सगळ्यात रसाळ, आणि माझ्या मते सगळ्यात बोधप्रद भाग. साखरेचा धंदा खाली यायला लागला. युरोपात मिळणारी चढ्या भावाची हमी संपत आली. कापड गिरण्यांनाही स्वस्त देशांची स्पर्धा. मग सरकारनं ठरवलं, की आपण ‘ज्ञानाचं केंद्र’ व्हायचं. आफ्रिकेतली आणि आशियातली मुलं इथे शिकायला येतील, ब्रिटन, फ्रान्स, भारतातली विद्यापीठं इथे शाखा काढतील, इंग्रजी आणि फ्रेंच दोन्ही भाषा आपल्या लोकांना येतातच. कल्पना मुळात वाईट नव्हती. २०२०पर्यंत एक लाख परदेशी विद्यार्थी आणायचे, असा आकडा जाहीर झाला. घरटी एक पदवीधर, अशी घोषणाही झाली. देशाची लोकसंख्या साडेबारा लाख, त्यात एक लाख बाहेरचे विद्यार्थी. गावच्या जत्रेला आख्खा तालुका जेवायला बोलावल्यासारखं झालं. आणि बोलावणं धाडायचं काम ज्यांच्याकडे, स्वयंपाकघर तपासायचं काम थोडंफार त्यांच्याकडेच.

नियामकानं एकाच वेळी दुकानदार आणि वजनमाप निरीक्षक व्हायचं ठरवलं, की काय होतं ते पुढच्या काही वर्षांत दिसलं. २०१३च्या सुमारास भारतातून गेलेल्या शाखांवरून वादळ उठलं. सिक्कीममधल्या एका खाजगी विद्यापीठाची तिथे शाखा निघालेली, मुलं दाखल झालेली, आणि इकडे यूजीसीचं म्हणणं, की या विद्यापीठाला परदेशी शाखा काढायची परवानगीच नाही. आपल्या वाचकाला यातली मेख कळायला थोडं मागे जावं लागेल. छत्तीसगडनं २००२ साली असा कायदा केला होता, की त्याच्या आडोशानं शंभरावर खाजगी विद्यापीठं कागदावर उभी राहिली, काहींचा पत्ता एखाद्या खोलीचा. शास्त्रज्ञ प्राध्यापक यशपाल त्याविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात गेले आणि २००५ साली न्यायालयानं त्या कायद्यातली ती कलमं रद्द केली. राज्याच्या कायद्यानं जन्मलेल्या खाजगी विद्यापीठानं राज्याच्या हद्दीत राहावं, हे यूजीसीचं सूत्र तेव्हापासून अधिकच घट्ट झालं. मग ते सिक्कीमची हद्द ओलांडून थेट पोर्ट लुईला कसं पोहोचलं?

याचं उत्तर ‘लबाडी’ या एका शब्दात देता येईल, पण त्यातनं काही शिकायला मिळत नाही. पदवीला दोन दारं असतात. एक, जिथे विद्यापीठ जन्मलं त्या देशाचं. दुसरं, जिथे वर्ग भरतात त्या देशाचं. मॉरिशसचा अधिकारी म्हणतो, ‘यांच्याकडे त्यांच्या देशाची मान्यता आहे, आम्ही जागा, शिक्षक, फी एवढं पाहिलं.’ भारताचा अधिकारी म्हणतो, ‘आमच्या हद्दीबाहेर काय चाललंय ते आम्ही कशाला पाहू, आम्ही परवानगी दिलेलीच नाही.’ दोघांचंही कागदोपत्री बरोबर. मधल्या ओट्यावर फी भरलेला विद्यार्थी उभा. मोठ्या देशाला अशी एखादी फजिती पचते. शेकडो संस्थांत ती हरवून जाते. छोट्या देशात ती वर्तमानपत्राच्या पहिल्या पानावर महिनोन्‌महिने राहते आणि शेजारच्या चांगल्या कॉलेजच्या पदवीकडेही लोक संशयानं पाहायला लागतात.

बरं, प्रश्न एकट्या भारतीय संस्थांचा नव्हता. ब्रिटनमधल्या मान्यवर विद्यापीठांचंही हसू झालं, फक्त वेगळ्या कारणानं. वेल्समधल्या अॅबरिस्टविथ विद्यापीठानं २०१५ साली कार्तिये मिलिटेर भागात शाखा उघडली, दोन हजार विद्यार्थी मावतील एवढी. पहिल्या वर्षी आले चाळीसच्या घरात. दोन वर्षांत, २०१७ साली, नवे प्रवेश बंद करायचा निर्णय झाला. वुल्व्हरहॅम्प्टनच्या शाखेनंही त्याच सुमारास गाशा गुंडाळला. इथे शिकवण्यात खोट नव्हती, पदवी अस्सल ब्रिटिश होती, कागद चोख होते. गणित चुकलं होतं. मिडलसेक्सची शाखा मात्र टिकली. म्हणजे नाव मोठं म्हणून शाखा चालते असंही नाही आणि परदेशी म्हणून बुडते असंही नाही.

या बंद पडण्यातनं नियमनाची एक बाजू पुढे येते, जिच्याकडे सहसा कुणी पाहत नाही. संस्था सुरू होताना आपण शंभर कागद मागतो. ती बंद पडली तर काय, हे किती नियामक विचारतात? पहिल्या वर्षाला असलेल्या मुलाची उरलेली दोन वर्षं कोण शिकवणार, निकालाची कागदपत्रं कुणाकडे राहणार, पंधरा वर्षांनी त्याला गुणपत्रिकेची दुय्यम प्रत हवी झाली तर कुणाच्या दारात जायचं? अॅबरिस्टविथनं असलेल्या विद्यार्थ्यांना शिक्षण पुरं करू द्यायची जबाबदारी घेतली. पण प्रत्येक संस्था तशी घेईलच असं नाही, म्हणून दाखल होतानाच ती अट लिहून घ्यावी लागते. मला विचाराल तर छोट्या देशाच्या नियामकानं बाकी शंभर निकष बाजूला ठेवून हा एक आधी पाहावा. नवी मुंबईच्या विद्यापीठनगरीची बातमी वाचताना माझ्या डोक्यात हेच येत होतं. २०२३च्या यूजीसी नियमांनी परदेशी विद्यापीठांना भारतात शाखा काढायची वाट करून दिली, जागतिक क्रमवारीत पहिल्या ५००मध्ये असल्याची अट घातली. जून २०२५मध्ये पाच विद्यापीठांना नवी मुंबईसाठी इरादापत्रं मिळाली. अॅबरिस्टविथच्या इमारतीची आठवण ठेवावी, एवढंच माझं म्हणणं.

मॉरिशसनं या सगळ्यातनं काय केलं? २०१७ साली नवा उच्च शिक्षण कायदा केला. तो लागू व्हायला २०२० उजाडलं. जुना आयोग मोडला आणि त्याच्या जागी दोन संस्था आल्या: एक उच्च शिक्षण आयोग, दुसरं गुणवत्ता हमी प्राधिकरण. ढोबळमानानं सांगायचं तर नियोजन आणि पैसा आयोगाकडे, तपासणी प्राधिकरणाकडे. हे बरोबरच झालं. पैसे देणाऱ्याला तपासणीत दोष सापडला, तर तो स्वतःच्याच निर्णयाचा दोष ठरतो. म्हणून तो सापडत नाही. दोघांना वेगळं केलं की निदान एकानं दुसऱ्याच्या चुका काढाव्यात अशी सोय होते. पण फांदी कापली तरी मूळ तिथेच. साडेबारा लाखांच्या देशात आता दोन कार्यालयांना माणसं हवीत आणि ती त्याच वर्तुळातून यायची. त्यात २०१९पासून सरकारी विद्यापीठांतली पहिली पदवी मोफत केली. फी गेली, म्हणजे विद्यापीठाची तिजोरी सरकारी अनुदानावर आणखी अवलंबून राहिली, आणि ‘पैसे मोजतोय तर नीट शिकवा’ म्हणणारा पालकही थोडा मागे सरला. मोफत शिक्षण वाईट असं मी म्हणत नाही. माझं स्वतःचं शिक्षण ईबीसी सवलतीत झालं. पण मग तपासणाऱ्यावरचा भार वाढतो.

दुसऱ्या छोट्या देशांनी हाच पेच वेगळ्या तऱ्हेनं सोडवलाय. आइसलँड लोकसंख्येनं मॉरिशसच्याही तिसरा हिस्सा, चार लाखांच्या आत, विद्यापीठ पातळीच्या संस्था सात. २०१० साली त्यांनी गुणवत्ता मंडळ नेमलं आणि त्यावरचे तज्ज्ञ सगळेच्या सगळे परदेशी घेतले. पद्धत बरीचशी स्कॉटलंडची उचलली. दोन वर्षांपूर्वीच तिथल्या बँका कोसळल्या होत्या आणि आपलेच लोक आपल्याच लोकांवर लक्ष ठेवत होते तेव्हा काय झालं, हे देशानं ताजं ताजं पाहिलं होतं. या दोन गोष्टींचा संबंध मी जोडतोय, पण मला तो उघड दिसतो. असं करायला पैसा लागतो आणि थोडा निर्लेपपणाही. स्वतःला पुरेसं ओळखणारा समाजच म्हणू शकतो, की बाबांनो, आमच्यावर आमचा विश्वास नाही.

कॅरिबियन बेटांनी तिसरी वाट धरली: सगळ्यांनी मिळून एकच काढायचं. वेस्ट इंडीज नावाचा देश नकाशावर नाही, पण क्रिकेटची टीम आहे, तसंच विद्यापीठही आहे. १९४८ साली लंडन विद्यापीठाचं कॉलेज म्हणून जमेकात सुरू झालं, १९६२ साली स्वतंत्र झालं, आज त्याचे परिसर जमेका, त्रिनिदाद, बार्बाडोस, अँटिग्वा इथे आहेत. तिथल्या डॉक्टरकीच्या पदव्या पूर्वी ब्रिटनची वैद्यक परिषद तपासायची. या शतकाच्या सुरुवातीला तिनं ते काम सोडलं, तेव्हा बेटांनी एकत्र येऊन स्वतःचं वैद्यकीय अधिमान्यता मंडळ उभं केलं. अशा जोडणीत जमेकाचं कॉलेज तपासायला बार्बाडोसचा माणूस येतो. परकाही आहे आणि घरचाही आहे. मला ही वाट सगळ्यांत शहाणपणाची वाटते.

पण तीही निसरडी आहे, याचा पुरावा पॅसिफिकमध्ये मिळतो. १९६८ साली फिजीच्या सुवा शहरात दक्षिण पॅसिफिक विद्यापीठ निघालं, १२ बेटराष्ट्रांच्या मालकीचं. कुलगुरू पाल अहलुवालिया यांनी विद्यापीठातल्या गैरकारभाराबद्दल प्रश्न उभे केले. फेब्रुवारी २०२१मध्ये फिजी सरकारनं त्यांना आणि त्यांच्या पत्नीला देशाबाहेर काढलं. सरकारचं म्हणणं, त्यांनी इमिग्रेशनचे नियम मोडले. बाकीच्या देशांनी त्यांना पदावर ठेवलं आणि कुलगुरू नाउरूतून, मग सामोआतून कारभार पाहू लागले. २०२२च्या अखेरीस फिजीत सरकार बदललं आणि बंदी उठली. बारा जणांच्या सामाईक विहिरीवर ज्याच्या शेतात ती विहीर आहे त्याचा हात थोडा वरच राहतो.

मॉरिशसही अशा सामाईक व्यवस्थांत आहे. राष्ट्रकुलाच्या व्याख्येत १५ लाखांपर्यंत लोकसंख्येचे देश ‘छोटे’ धरतात. अशा देशांनी मिळून एक आभासी विद्यापीठ उभं केलं. त्याला स्वतःच्या इमारती नाहीत, पदव्याही ते देत नाही. अभ्यासक्रम मिळून तयार करायचे आणि ज्यानं त्यानं आपापल्या घरी शिकवायचे. त्यासाठी सगळ्या देशांच्या पात्रता एका दहा पायऱ्यांच्या शिडीवर बसवायचा करार २०१०मध्ये झाला. सेशेल्सचं प्रमाणपत्र मॉरिशसच्या कितव्या पायरीशी जुळतं, ते त्यावरून पाहता येतं. दिसायला रुक्ष तक्ता आहे. पण सेशेल्सच्या एखाद्या नर्सला मॉरिशसमध्ये काम मिळायचं असेल, तर त्या तक्त्यातली एक ओळ तिच्यासाठी फार मोलाची.

महाराष्ट्रातल्या पालकांनाही यातलं काही उपयोगाचं आहे, कारण मॉरिशसला मेडिकलसाठी मुलं पाठवण्याची रीत आपल्याकडे जुनी आहे. बेल रिव्ह इथलं सर शिवसागर रामगुलाम यांच्या नावाचं खाजगी वैद्यकीय महाविद्यालय १९९९ पासून चालू आहे, मॉरिशस विद्यापीठाशी संलग्न, आणि तिथे भारतीय मुलं मोठ्या संख्येनं शिकत आली. अशा ठिकाणी चौकशी करताना ‘कॉलेजला मान्यता आहे का’ एवढंच विचारून थांबू नका. पदवीच्या कागदावर कुणाचं नाव असणार, ते विचारा. कॉलेज एकाचं आणि पदवी दुसऱ्याची, असं सर्रास असतं. तो पदवी देणारा त्या देशाच्या प्राधिकरणाच्या यादीत आहे का, आणि तो बाहेरच्या देशातला असेल तर त्या देशानं त्याला बाहेर पडायची मुभा दिली आहे का, ते पाहा. मुलाला भारतात डॉक्टरकी करायची असेल तर परदेशी वैद्यक पदवीधरांसाठीची चाळणी परीक्षा, जी २००२पासून चालू आहे, तीही दारात उभी आहे. दुसऱ्या विषयांच्या परदेशी पदव्यांची समकक्षता ठरवायला यूजीसीनं २०२५ साली नवे नियम काढलेत. प्रवेशाआधी ते वाचावेत, पदवी हातात पडल्यावर नव्हे. एजंट वाचून दाखवणार नाही.

आणखी एक प्रश्न राहतो, मॉरिशसमधल्या आपल्या माणसांचा. एकोणिसाव्या शतकात उसाच्या मळ्यांवर मजुरीला गेलेले मराठी लोक, बरेचसे कोकणपट्टीतले. त्यांची नातवंडं-पणतवंडं अजून गणपती बसवतात, आणि गणेश चतुर्थीला तिथे देशभर सुट्टी असते. मोका इथल्या महात्मा गांधी संस्थेत मराठी शिकता येते, पदवी मिळते ती मॉरिशस विद्यापीठाची. आता हा मराठी विभाग तपासायचा झाला, तर समितीत कुणाला बसवायचं? आख्ख्या देशात हा विषय पदवीला शिकवणारी जागा हीच. इथे शिकलेलेच इथे शिकवतात. परका माणूस हवा, तो अर्थात महाराष्ट्रातून आणायचा, पुण्याचा किंवा मुंबईचा. तो येईल, उत्तरपत्रिका चाळेल. त्या मुलांची मराठी घराबाहेर क्रिओल या तिथल्या बोलीच्या आणि फ्रेंचच्या शेजारी वाढलेली आहे, शब्द काही आजीच्या वेळचे, काही तिथेच घडलेले. एखाद्या उत्तरात त्याला पुण्यात कुणी बोलत नाही असं वाक्य भेटेल. त्याखाली तो लाल रेघ मारील, की शेजारच्या प्राध्यापकाला विचारील, ‘तुमच्याकडे असं म्हणतात का हो?’